हजेरीपटातला तीन आठवड्यांचा फेरा : शाळा प्रकल्पाच्या नोंदी

२४ जून २०२४, सोमवार

आमच्या फाउंड्रीने, म्हणजे लोखंड वितळवून सुटे भाग ओतणाऱ्या कारखान्याने, जवळच्या एका शाळेला मदत करायचं ठरवलंय. फाउंड्रीची साप्ताहिक सुट्टी सोमवारी असते आणि शाळा त्या दिवशी भरते, म्हणून पहिली भेट आजच घेतली. मालक, मी आणि मेंटेनन्सचे दोन फिटर. कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतून गाडीवर सात-आठ मिनिटं. जिल्हा परिषदेची शाळा, पहिली ते सातवी. पटावर ६१ मुलं. मी वर्गावर्गातून फिरून डोकी मोजली, ३९ भरली. शिक्षक तीन, एक पद रिकामं. मुख्याध्यापिका बाई तिसरी आणि चौथी एकाच खोलीत घेऊन बसल्या होत्या. अर्ध्या फळ्यावर एका वर्गाचं गणित, अर्ध्यावर दुसऱ्याचं.

मालकांच्या मनात भिंतींना रंग, नवी कमान आणि संगणक आहेत. बाईंनी त्यांना कोपऱ्यातली खोकी दाखवली. पाच संगणक, दोन वर्षांपूर्वी कुणीतरी दिलेले, अजून खोक्यातच. थकबाकीमुळे शाळेची वीज तोडलेली आहे. "चांगल्या मनानंच दिल्यात ओ साहेब," बाई म्हणाल्या, "पण लावायचे कुठं?"

बाकी पाहिलेलं: मंगलोरी कौलं तीन ठिकाणी फुटलेली, मुलींच्या स्वच्छतागृहाला पाणी नाही, बोअरची मोटर बंद. सातवीच्या मुली दुपारनंतर घरी निघून जातात. कारण विचारावं लागलं नाही.

२६ जून, बुधवार

शाहू महाराजांची जयंती, यंदा दीडशेवी. शाळेत कार्यक्रम होता, मालकांना बोलावलं होतं, मी सोबत गेलो. बाईंनी मुलांना सांगितलं की १९१७ साली महाराजांनी संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, आणि जो पालक मुलाला शाळेत पाठवणार नाही त्याला महिन्याला एक रुपया दंड ठेवला. त्या काळचा एक रुपया.

परत येताना मालक म्हणाले, आजही असाच दंड पाहिजे, बावीस पोरं घरी बसतात म्हणजे काय. मला ते पटलं होतं. तसं इथं लिहून ठेवतो.

१ जुलै, सोमवार

पैशाचं आणि कागदाचं. कंपनी कायद्याच्या कलम १३५ प्रमाणे ज्या कंपनीची नक्त मालमत्ता ५०० कोटी, उलाढाल १००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी यांपैकी एक तरी आकडा गाठतो, तिला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात. आम्ही त्यात कुठेच बसत नाही. जे करू ते खुशीचं. अकाउंटंटनी राज्य सरकारच्या शाळा दत्तक योजनेचा निर्णयही वाचून काढला. त्यात रोख रक्कम देता येत नाही, वस्तू किंवा सेवा द्यायची. शाळेच्या नावाला आपलं नाव जोडायचं असेल तर ग्रामीण भागात पाच वर्षांसाठी ५० लाख. मालकांनी तो कागद बाजूला ठेवला. नावाचा विषय तिथंच संपला, मला बरं वाटलं.

शाळा व्यवस्थापन समितीची बैठक झाली. कायद्याने या समितीत तीन चतुर्थांश पालक असतात आणि निम्म्या बायका. एका आईने विचारलं, "रंग पावसात कशाला देताय? आदी पाणी द्या की." कामांची यादी त्या क्रमानेच लिहिली: पाणी, वीज, कौलं. रंग शेवटी, उरलं तर.

८ जुलै, सोमवार

मोटर जळाली असं सगळे धरून चालले होते. फिटरनी स्टार्टर उघडला, वाइंडिंग मीटरवर तपासलं तर ठीक निघालं. गेला होता कपॅसिटर. नवा टाकला, आमच्या जनरेटरवर मोटर चालवून पाहिली आणि पाणी चढलं. एवढ्याशा गोष्टीसाठी मुलींचं वर्षभर हाल झालं. बाईंनी दोनदा अर्ज केले होते, त्यांच्या फाइलला प्रती आहेत. मोटर दुरुस्तीला पैसे किती लागतील हे कुणाला माहीत नव्हतं आणि अंदाजपत्रक काढायला कुणी आलं नव्हतं.

विजेची थकबाकी ग्रामपंचायत आणि आम्ही निम्मी-निम्मी भरायचं ठरलं. जोडणीला वेळ लागेल.

१५ जुलै, सोमवार

आजचा दिवस जड गेला.

तिसरी ते सातवीच्या ३८ मुलांना एकेक करून वाचायला बसवलं. खेड्यांतल्या मुलांचं वाचन-गणित तपासणाऱ्या 'असर'च्या पाहणीत वापरतात तीच पद्धत, एका कागदावर चार पायऱ्या: अक्षरं, साधे शब्द, छोटा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट. मूल जी पायरी सहज चढेल ती त्याची. इयत्ता बघायची नाही. मी, आमच्या डिझाइन विभागातली एक मुलगी आणि बाई, तिघांनी मिळून चार तास घेतले. गैरहजर मुलांना बाईंनी निरोप धाडून बोलावून घेतलं.

अक्षरही नाही: ४. अक्षर: ९. शब्द: ११. परिच्छेद: ८. गोष्ट: ६.

सहावीतला एक उंच मुलगा. 'ब' आणि 'ल' ओळखतो, 'बदक' वाचता येत नाही. त्याने कागद हातात धरला, थोडा वेळ पाहिला आणि मला म्हणाला, "सर, डोकं दुकायलंय." मी पुढं काही विचारलं नाही. सहा वर्षं तो वर्गात मागं बसून ऐकत आलाय, आणि फळ्यावर सहावीचं पुस्तक चालू आहे.

ज्या चौघांना अक्षरही येत नाही त्यातली तिसरीतली मुलगी मला पाहून हसली. मी तिला ओळखलं नाही. तिने वडिलांचं नाव सांगितल्यावर ओळखलं. आमच्या मोल्डिंग लाइनवरचा, म्हणजे वाळूचे साचे करतात तिथला, ओडिशाचा कामगार. पाच वर्षं रोज भेटतो तो. त्याला मुलगी आहे आणि ती या शाळेत आहे हे मला ठाऊक नव्हतं.

२९ जुलै, सोमवार

शाळा बंद. पंचगंगेने ४३ फुटांची धोका पातळी गेल्या आठवड्यात ओलांडली. २०१९ सारखं होतंय की काय ही धास्ती प्रत्येकाच्या तोंडी. तेव्हा शिरोलीजवळ हायवेच पाण्याखाली होता. शाळा उंचावर आहे, पाणी आलं नाही, पण कौलातून गळलं. वाचनाची पुस्तकं आणि खोक्यातले संगणक आमच्या पॅटर्न स्टोअरमध्ये, साच्यांचे नमुने ठेवतो तिथं, आणून ठेवले.

१२ ऑगस्ट, सोमवार

वीज आली. कौलं बसली.

रोजच्या पहिल्या तासाला इयत्ता मोडून पायरीप्रमाणे गट बसवायचे असं शिक्षकांनी ठरवलंय. तिसरीतलं आणि सहावीतलं मूल एका गटात बसू शकतं. हे काम रोजचं आहे आणि ते शिक्षकच करणार. सोमवारी आमची सहा माणसं जातात, म्हणजे त्या दिवशी गट लहान होतात. आमच्या एका इंजिनिअरने पहिल्याच तासाला जोडाक्षरांवर व्याख्यान दिलं आणि पोरं जांभया देऊ लागली. बाईंनी त्याला बाजूला घेऊन सांगितलं की तुम्ही कमी बोला, त्यांना मोठ्यानं वाचू द्या, चुकलं तरी ओळ पुरी होऊ द्या. पुढच्या तासाला तो खाली सतरंजीवर बसला. शिकवायचं कसं हे त्या शाळेत आम्हाला कळत नाही, बाईंना कळतं, एवढं मनाशी पक्कं केलं की काम सोपं जातं.

दुसरी एक गरज बाईंनी संकोचाने सांगितली. ऑनलाइन माहिती भरणं. आहाराची, उपस्थितीची, गणवेशाची, तीच माहिती वेगवेगळ्या तक्त्यांत. त्यात शिक्षकांचा वर्गातला वेळ जातो. आमच्या ऑफिसमधल्या ताई सोमवारी दोन तास बसून तक्ते तयार करून देतात, बाई तपासून स्वतः भरतात. सगळ्या मदतीत शिक्षकांना हीच जास्त आवडली असावी.

२ सप्टेंबर, सोमवार

गट चालू होऊन तीन आठवडे झाले. जी मुलं रोज येतात ती हलताहेत. उंच मुलगा 'बदक' वाचतो, आणि 'कमळ'ही. पण दहा-बारा मुलं अशी आहेत की सोमवारी वाचलेलं पुढच्या सोमवारी पुसलेलं. ती मधे आलेलीच नसतात.

फाउंड्रीत एखाद्या कास्टिंगला, म्हणजे ओतलेल्या भागाला, ब्लोहोल (आत अडकलेल्या वायूचं भोक) निघालं तर मशिनिंगला दोष देऊन भागत नाही. कुठल्या पाळीत, कुठल्या वाळूच्या घाण्यात, कुठल्या साच्यात किती निघाले याचा तक्ता मांडतो. वाळूत ओलावा जास्त होता का, व्हेंट (साच्यातला वायू बाहेर जायची वाट) बुजला होता का, लोखंड थंड ओतलं का, हे त्या तक्त्यावरून हळूहळू दिसतं. गैरहजेरीचाही तसाच तक्ता मांडू म्हणून बाईंकडून हजेरीपट मागून घेतला. गेल्या वर्षीचा जानेवारीपासूनचा आणि यंदाचा. जेवणाच्या सुट्टीत चौकटीच्या कागदावर उतरवला.

पाचवीतली एक मुलगी. एक आठवडा पूर्ण हजर, मग दोन आठवडे सोमवार सोडला तर गैरहजर. पुन्हा एक आठवडा हजर. जानेवारीपासून हेच. तिसरीतली ती ओडिया मुलगी तशीच. चौथीतल्या आणखी एकीचं तेच. आठवडा मंगळवारी पालटतो.

मंगळवारी पालटणारा, तीन आठवड्यांचा फेरा. कागद तसाच हातात धरून बसलो. आमच्या पाळ्या मंगळवारी बदलतात. पहिली, दुसरी, तिसरी.

३ सप्टेंबर, मंगळवार

संध्याकाळी कामगारांच्या चाळीत गेलो. पाचवीतल्या मुलीचं घर आधी. वडील बिहारचे, आमच्या भट्टीवर. आई आमच्याच कोअर शॉपमध्ये (साच्यात बसवायचे वाळूचे गाभे करतात तिथं), रोज साडेआठ ते पाच. घरात दीड वर्षाचा भाऊ.

वडिलांची दुपारची पाळी असली की ते तीनपर्यंत घरी असतात, बाळाला सांभाळतात, मुलगी शाळेत जाते. पहिली पाळी असली की ते सकाळी सातला बाहेर पडतात, बाळाजवळ मुलगीच. रात्रपाळी असली की ते दिवसा झोपतात, चौदाशे डिग्रीच्या भट्टीपुढं रात्र काढलेला माणूस. मग बाळाला बाहेर खेळवत ठेवायचं काम मुलीचं, म्हणजे झोपमोड होत नाही. तीन आठवड्यांतला एकच तिचा.

आई हिंदी-मराठी मिसळून सांगत होती. तिने आधी अंगणवाडीत विचारलं होतं. तिथं तीन ते सहा वर्षांची मुलं काही तास बसतात, दीड वर्षाचं बाळ दिवसभर ठेवून घेत नाहीत. गावाकडून सासूला आणायचं तर खोली एकच. तिने सगळे रस्ते पाहिले होते. हिशेब मांडला होता. मुलीला शाळा आवडते हे तिने न विचारता सांगितलं, दोनदा.

परतताना २६ जूनचा तो एक रुपया आठवला. तो दंड आज लावायचा झाला तर पावती कुणाच्या नावाने फाडायची? पाळीचा तक्ता माझ्या टेबलाशेजारच्या भिंतीवर लागतो. त्यावर माझी सही असते.

१३ सप्टेंबर, शुक्रवार

मालकांसमोर दोन्ही कागद ठेवले, हजेरीचा आणि पाळ्यांचा, एकाखाली एक. त्यांनी बराच वेळ पाहिले.

त्यांचा पहिला प्रश्न व्यवहाराचा होता: पाळणाघर काढलं तर ते शाळेच्या खात्यात की कामगार कल्याणाच्या? प्रश्न वाजवी आहे. सामाजिक जबाबदारीच्या नियमांत फक्त स्वतःच्या कामगारांच्या फायद्याचा खर्च धरला जात नाही. म्हणजे एखादी मोठी कंपनी शाळेसाठी दोन टक्के काढेल, पण ज्या खर्चाने त्या शाळेतली मुलगी रोज येऊ शकेल तो त्या खात्यात मांडू शकणार नाही. कारखाने अधिनियमात ३० पेक्षा जास्त स्त्री कामगार असतील तर पाळणाघर सक्तीचं आहे. आमच्याकडे ११ आहेत. त्या कलमाची सक्ती आमच्यावर येत नाही.

मी एवढंच म्हणालो की संगणक, रंग आणि कमान यांचा खर्च आपण धरला होता, तो इकडे वळवू. प्रॉडक्शन मॅनेजरनी विरोध केला. एका चाळीसाठी सुरू केलं की बाकीचेही मागतील. त्यांचंही चूक नाही. दीड तास बोलणं झालं. ठरलं ते असं: चाळीतली एक रिकामी खोली भाड्याने घ्यायची, अंगणवाडीतून निवृत्त झालेल्या एका मदतनीस मावशींना पगारावर ठेवायचं, सहा महिने चालवून पाहायचं. खर्च कामगार कल्याणात मांडायचा. जिथं दोघंही आमच्याकडेच आहेत तिथं नवऱ्याची पाळी बदलताना महिनाभर आधी सांगायचं.

३० सप्टेंबर, सोमवार

आजच्या पटावर संचमान्यता ठरते, म्हणजे शाळेला शिक्षक किती मिळणार ते. पट ६४. चाळीतली तीन मुलं नव्याने दाखल झाली, त्यातला एक आठ वर्षांचा मुलगा याआधी कुठल्याच शाळेत गेला नव्हता. बाईंनी रजिस्टर तीनदा मोजलं.

पाळणाघर २४ तारखेपासून चालू आहे. सात बाळं. मावशींनी पहिल्याच दिवशी आमची प्लास्टिकची खेळणी बाजूला सारून दोन जुन्या साड्यांच्या झोळ्या बांधल्या.

पाचवीतली मुलगी गेल्या आठवड्यात सहाही दिवस हजर. वडिलांची पाळी रात्रीची होती.

१८ नोव्हेंबर, सोमवार

विधानसभेचं मतदान बुधवारी. शिक्षक निवडणुकीच्या कामाला. कायद्याने जनगणना, आपत्ती आणि निवडणूक एवढीच बाहेरची कामं शिक्षकांना देता येतात, त्यामुळे तक्रार नाही, पण गट आठवडाभर मोडले. दिवाळीची सुट्टी आणि हे मिळून जवळपास महिना गेला. आज आमचीच माणसं आणि सातवीतल्या दोन मुली मिळून वाचन घेतलं. त्या मुली धाकट्यांना आमच्यापेक्षा चांगलं शिकवतात, हे लिहून ठेवायला हवं.

९ डिसेंबर, सोमवार

ऊसतोडीच्या टोळ्या उतरल्या आहेत. गावाबाहेर माळावर त्यांच्या कोपी, म्हणजे तात्पुरत्या झोपड्या, पडल्या. बीडकडची माणसं. बाई आणि मी जाऊन आलो. शाळेच्या वयाची नऊ मुलं, चौघांजवळ गावाकडच्या शाळेने दिलेलं शिक्षण हमी पत्रक होतं. पाच जण येऊ लागले आहेत. बाकीची थोरल्यांबरोबर फडात जातात, वाढं (उसाचे हिरवे शेंडे) गोळा करायला. आमच्या चाळीचं कोडं सुटलं कारण पाळीचा तक्ता आमच्या हातात होता. इथं आमच्या हातात काही नाही. मुकादमाशी बोललो. तो नीट बोलला, पण पहाटे चारला गाडी भरणाऱ्या आईबापांचं लेकरू नऊला शाळेत कोण सोडणार याचं उत्तर त्याच्याकडेही नव्हतं.

या पाच मुलांना सकाळी आमच्या बसने आणायचं ठरवलं. कामगारांना सोडून रिकामी परतते ती.

२० जानेवारी २०२५, सोमवार

संगणक लावले. पाचपैकी तीन चालू झाले. रंगाचं काम समितीने उन्हाळ्यावर टाकलं.

२४ मार्च, सोमवार

पुन्हा तीच चार पायऱ्यांची चाचणी. जुलैच्या ३८ पैकी दोन मुलं आईवडिलांबरोबर दुसरीकडे गेली, ३६ जणांना बसवलं.

अक्षरही नाही: १. अक्षर: ३. शब्द: ६. परिच्छेद: ९. गोष्ट: १७.

मालकांनी हे आकडे कारखान्याच्या गेटवर लावू म्हटलं. मी नको म्हणालो आणि कारण सांगितलं. ज्या दहा मुलांना अजून परिच्छेद येत नाही त्यातली पाच सहावी-सातवीत आहेत. सातवीतली दोन जूनमध्ये हायस्कूलला जातील आणि तिथं त्यांना कुणी अक्षरांपासून बसवणार नाही. त्यांच्यासाठी आम्ही उशिरा पोचलो. बाई एप्रिलभर त्या दोघांना दुपारी थांबवून घेणार आहेत.

उंच मुलाने गोष्ट वाचली. थांबत थांबत, बोट ठेवून, पण शेवटच्या ओळीपर्यंत. मग म्हणाला, "अजून एक द्या की सर." दिली.

ओडिया मुलगी शब्दांवर आहे. तिचं अडतं कुठं ते बाईंनी ओळखलं. अक्षरं जुळवून ती 'विहीर' वाचते, पण विहीर म्हणजे काय ते तिला माहीत नसतं. घरी तो शब्दच वेगळा आहे.

७ एप्रिल, सोमवार

पाळणाघराचे सहा महिने झाले. पुढचं वर्षभर चालवायला मालकांनी मंजुरी दिली, प्रॉडक्शन मॅनेजरच्या सहीने. कोअर शॉपमधल्या बायकांच्या रजा कमी झाल्यात, हे त्यांनी स्वतः मोजून आणलं होतं.

पाडव्याला पहिलीसाठी ११ प्रवेश झाले. रिकामं पद अजून रिकामंच. बाईंनी पुन्हा पत्र दिलंय, त्याची प्रत आमच्याही फाइलला ठेवली.

जूनसाठी एक नवी गोष्ट. ओडिया मुलीची आईही आमच्या कोअर शॉपमध्येच आहे, तिलाही सोमवारी सुट्टी असते. बाईंनी तिला विचारलं की पहिली-दुसरीच्या वर्गात तासभर येऊन बसाल का, चित्रं दाखवून शब्द तुमच्या भाषेत सांगा, मी मराठीत सांगते. ती म्हणाली, मला लिहिता येत नाही. बाई म्हणाल्या, बोलायचंच आहे. ती येणार आहे. त्या तासाचा मोबदला कंपनीने द्यायचा असं मी यादीत घातलं.

परीक्षा यंदा एप्रिल अखेरपर्यंत चालणार, म्हणून कौलांची तपासणी मे महिन्यात, रंग त्यानंतर. मोटरच्या कपॅसिटरचा एक जादा नग बाईंच्या कपाटात ठेवला आणि तो कसा बदलायचा हे फिटरने त्यांना आणि सातवीतल्या दोन मुलींना स्टार्टर उघडून दाखवलं.